उखळातला हात

मित्रांनो, मी एक जुने दगडी उखळ आहे आणि मी रागावलेले आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा आवाज हळवा करून सांगतात. कंदील सांगतो, सायकल सांगते, आणि शेवटी तुमचे डोळे पाणावतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. दगडाला रडू येत नाही. राग मात्र येतो, आणि सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली बसलेल्या दगडाचा राग लवकर निवतही नाही.

होटगीच्या वाटेवर तेव्हा एक खाण होती. तिथला काळा दगड फोडून कल्लप्पा पाथरवटाने मला घडवले. बाहेरून त्याने मला ओबडधोबडच ठेवले, पण आतून वाळू आणि पाणी घालून इतके घोटले की त्याची म्हातारी आई म्हणाली, "यात आता तोंड बघून कुंकू लाव." बाळीवेशीतल्या सिद्रामप्पांनी मला विकत घेतले आणि बैलगाडीत घालून घरी आणले. गाडीतून उतरवताना चार माणसांची कंबर धरली. पहिल्या दिवशी मला विभूतीचे पट्टे ओढले आणि पोटात शेंगदाणे पडले. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या पोटात दुसरे काही पडलेले नाही. शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ. बस्स.

सिद्रामप्पांच्या मुलाचे, चन्नवीरचे लग्न झाले आणि अक्कलकोटकडची गिरिजा सून म्हणून घरात आली. तिची शाळा कानडी, मराठी मोडकेतोडके, आणि चटणी कुटायचा हात माहेरचा. आमच्याकडची चटणी कुटून कुटून तेल सोडेपर्यंत कुटायची असते. तिने कुटली ती कोरडी. सासूने चिमूटभर तोंडात टाकली आणि चार बायकांसमोर म्हणाली, "ही चटणी का भुकटी गं? माहेरी काय पीठच खात होता काय?"

गिरिजाने पदर खोचला. तिने मुसळ उचलले आणि असे हाणले की ते माझ्या पोटात न पडता कडेवर आदळले. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे होते. माझ्या कडेचा चांगला बोटभर टवका उडून अंगणात पडला. गिरिजा थांबली नाही. हाणत राहिली. थोड्या वेळाने सासूने माझ्यात वाकून पाहिले आणि म्हणाली, "आता सुटलं बघ तेल."

टवका उडाल्याची ती खूण आजही माझ्या कडेवर आहे, तिलाच घरात टवका म्हणतात. मित्रांनो, पुढची गोष्ट समजून घ्यायची असेल तर तो लक्षात ठेवा. तो दोष नाही. तो त्या पोरीचा राग आहे आणि मला तो दागिन्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उखळाचे काम एकट्याने होत नाही. एक जण उभा राहून मुसळ मारतो आणि एक जण खाली बसून दोन घावांच्या मध्ये उखळात हात घालून चटणी खालीवर करतो. मुसळ वर गेले की हात आत, मुसळ खाली यायच्या आत हात बाहेर. चुकले तर बोट गेले. गिरिजाबाईंच्या उजव्या अंगठ्याचे नख अर्धेच आहे. ते कुठे गेले हे मला ठाऊक आहे.

चन्नवीर अकाली गेला. पदरात गुरुशांत नावाचा लहान मुलगा. गिरिजाबाईंनी घरापुरती चटणी कुटायची ती गल्लीपुरती कुटायला घेतली, मग बाजारापुरती. परसात पत्र्याची शेड पडली. माझ्या जोडीला अकरा उखळे आली. करकंबची दुर्गा मुसळ मारायला आली ती वीस वर्षे झाली, अजून आहे. शेडमधल्या बायका गिरिजाबाईंना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणू लागल्या. मीही तेव्हापासून अव्वाच म्हणते.

पाकिटावर चित्र हवे म्हणून अव्वांनी तिप्पण्णा पेंटरला बोलावले. तो पाटावर बसून माझे चित्र काढू लागला. भला माणूस, त्याने मला गोलगरगरीत आणि अखंड काढले. अव्वा म्हणाल्या, "टवका कुटं हाय?"

"अव्वा, चांगलं दिसावं म्हनून काढला न्हाय."

"चांगलं दिसू दे न्हायतर वाईट. जसं हाय तसं काढ. आमी पाकिटात बी जसं हाय तसंच भरतो."

असे माझे चित्र टवक्यासकट पाकिटावर गेले आणि खाली नाव आले, 'गिरिजा उखळ चटणी'. गुरुशांत मोठा झाला, बी. कॉम. झाला, त्याने त्या नावाची आणि चित्राची सरकारदरबारी नोंद केली. नोंदीचा कागद काचेच्या चौकटीत घालून माझ्यासमोरच्या भिंतीला टांगला. अव्वा त्या कागदाला रोज उदबत्ती ओवाळत. आता सगळे पक्के झाले, असे आम्हा सर्वांना वाटले. किती भाबडी असतात माणसे, आणि किती भाबडे असतात दगड!

आमच्या घरात एक रीत आहे. नवा दुकानदार पहिल्यांदा माल घ्यायला आला की त्याने माझ्यात मुसळाचे पाच घाव घालायचे. पुण्याचा असो, हुबळीचा असो, सफारी घातलेला असो. अव्वांचा माल बाजारात जाऊ लागला तेव्हा म्हाताऱ्या सिद्रामप्पांनी ती घालून दिली. विकणाऱ्याला कळावे की हे कशात होते आणि त्याला किती जीव लागतो. पाच घाव घातले की तो माणूस घरचा. मग त्याला पाटावर बसवून कडक भाकरी आणि ताजी चटणी वाढायची. घरच्या माणसाशी नंतर घासाघीस करायची नाही आणि त्याच्या शब्दावर शंका घ्यायची नाही. कागदबिगद कधी नव्हतेच. इतकी वर्षे त्या पाच घावांवर चालली आणि एकानेही दगा दिला नाही. रीत चांगलीच होती. पण ती बाळीवेशीच्या हद्दीतली होती.

मग शिवराज आला.

अक्कलकोटकडच्याच एका खेड्यातला. पंधरा वर्षे आखातात होता. पांढरा शुभ्र शर्ट, हातात दोन मोबाइल. शेडच्या दारात बूट काढले, आत आला, भिंतीवरच्या सिद्धेश्वराच्या तसबिरीला हात जोडले आणि अव्वांना कानडीत विचारले, "ऊट आयता, अव्वा?" जेवण झाले का. एवढेच विचारले. अव्वांचे माहेरचे कुणी आता उरलेले नाही. माहेरच्या भाषेत जेवणाची चौकशी झाली आणि त्या विरघळल्याच.

शिवराजला तो राहत होता त्या आखाती देशात आमच्या चटणीचा वितरक व्हायचे होते. तो म्हणाला, "तिथं आपली माणसं लई हायत अव्वा. भाकरी तितंच थापतात, पण चटणीला तरसतात. तुमी फक्त कुटा, बाकी समदं माज्यावर सोडा."

रीतीप्रमाणे त्याच्या हातात मुसळ दिले. अव्वा स्वतः खाली बसल्या आणि त्यांनी माझ्यात हात घातला. शिवराजने आपला मोबाइल गुरुशांतकडे दिला आणि म्हणाला, "एक फोटो काढ की भावा, आठवण ऱ्हाईल." गुरुशांतने फोटो काढला. मी सांगते, त्याने मुसळ क्रिकेटच्या बॅटीसारखे धरले होते. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून. दुर्गा तोंडाला पदर लावून हसली. अव्वांचा हात दोनदा थोडक्यात वाचला. झाले पाच घाव. झाला घरचा.

भाकरी खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतून कागद काढले. चौतीस पाने, सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरात. "तिकडं असलं लागतंय," म्हणाला, "नुसती पद्धत हाय."

गुरुशांतने पहिले पान वाचले, शेवटचे वाचले, मधली पाने अंगठ्याने फर्रकन सोडली. मग हळूच म्हणाला, "अव्वा, एकदा वकिलाला दाखवूया की."

"पाच घाव घातलेल्या माणसाचा कागद वकिलाकडं न्यायचा?" अव्वा पुटपुटल्या. "त्याला काय वाटंल? आपल्या घरात असं कवा झालंय?"

गुरुशांतलाही खरे म्हणजे तेच ऐकायचे होते. चौतीस पाने वाचायचा कंटाळा आला की माणसाला रीत आठवते. पेन उघडले. अव्वांनी प्रत्येक पानावर आपली कानडी अक्षरातली सही केली, सावकाश, एकेक अक्षर गिरवून. टेबल नव्हते म्हणून ते कागद ठेवले होते माझ्या कडेवर, टवक्याच्या शेजारी. माझ्याच अंगावर ठेवून माझा सौदा झाला आणि मला तोंड नव्हते. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हाला राग आला नसता का?

पहिल्या वर्षी माल गेला. दुसऱ्या वर्षी थोडा गेला. तिसऱ्या वर्षी शिवराजने मागणीच केली नाही. गुरुशांतने फोन केला तर म्हणे, "बाजार थंड हाय भावा." पण तिकडून अव्वांना पत्रे येऊ लागली. म्हणजे मोबाइलवर निरोप. आमच्या जुन्या पाकिटावर नंबर होता ना. कुणी वेळापूरची मुलगी तिथे नर्स होती, तिने लिहिले, 'आजी, चटणी पूर्वीसारखी राहिली नाही. वरून तेल ओतल्यासारखी लागते. तुम्ही पण बदललात का हो?'

अव्वांनी तो निरोप गुरुशांतकडून तीनदा वाचून घेतला. "आपन तर वर्षात पेटी पाठवली न्हाय," त्या म्हणाल्या. "मग ही खातीय काय?"

त्या नर्सनेच मग फोटो पाठवले. तिथल्या एका मोठ्या मॉलमध्ये दुकान होते, 'गिरिजा उखळ' नावाचे. तसली आणखी दोन होती. शिवराजने फ्रँचायझी देऊन ती दुसऱ्यांना चालवायला दिली होती. चटणी तिथल्याच एका कारखान्यात यंत्रावर दळली जात होती. आणि दुकानाच्या दारात, मित्रांनो, काचेच्या पेटीत, दिव्यांच्या झगमगाटात मी होते. प्लास्टरचे. काळा रंग फासलेले. कडेवर टवका! मोजून मापून, बोटभर, जिथल्या तिथे. त्या प्लास्टरवर कुणी मुसळ हाणले नव्हते, कुणा सुनेचा अपमान झाला नव्हता. टवका साच्यातून काढला होता. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपल्याला पाय असते तर बरे झाले असते.

अव्वा मात्र अजून शांत होत्या. त्यांनी एकच केले. तिथल्या सोलापूरकर मंडळींचा दिवाळीचा फराळ होता, त्यासाठी दहा पेट्या चटणी थेट पाठवायला सांगितली. स्वतः बसून खालीवर केली, दुर्गाने कुटली. म्हणाल्या, "लोकांनी खरी खावी, म्हंजे खोटी कुठली ते त्येंचं त्येनाच कळंल."

पेट्या बंदरावर अडकल्या. आठ दिवसांनी कागद आला. गुरुशांतने तो मोठ्याने वाचला. त्यात लिहिले होते की 'गिरिजा उखळ' हे नाव आणि हे चित्र त्या देशात शिवराजच्या मालकीचे आहे, तशी नोंद आहे, आणि सोलापूरहून आलेला हा माल नकली आहे. सबब तो नष्ट करण्यात येईल.

"वाच पुन्ना," अव्वा म्हणाल्या.

"अव्वा..."

"कोन नकली? पुन्ना वाच."

त्याने पुन्हा वाचले. अव्वा उठल्या, माझ्याजवळ आल्या, मुसळ उचलले आणि रिकाम्या उखळात हाणले. एकदा, दोनदा, कितीदा तरी. माझ्या अंगातून ठिणग्या उडाल्या. साऱ्या शेडमधली मुसळे थांबली. सत्तरीला आलेली बाई, धाप लागली तरी थांबेना. शेवटी दुर्गाने मागून धरले. "अव्वा, फुटंल की ते!" मी फुटले असते तरी चालले असते. पन्नास वर्षांनी आम्हा दोघांना सारखा राग आला होता.

चेतना वकील तेव्हा आमच्या घरी पहिल्यांदा आली. तिचे वडील गुरुशांतला शाळेत गणित शिकवत. तरुण मुलगी, आवाज बारीक, पण कागद हातात घेतला की कपाळाला आठी. उलट्या डब्यावर बसून तिने ती चौतीस पाने दोन दुपारी मोठ्याने वाचली, आणि प्रत्येक कलम मराठीत सांगितले. जे चार वर्षांपूर्वी व्हायला हवे होते ते.

"पान नऊ," ती म्हणाली. "काकू, त्या देशात तुमची चटणी फक्त शिवराज विकू शकतो. तुम्ही स्वतःसुद्धा नाही. मुदत सात वर्षं."

"पन तो विकतच न्हाय की आमची!"

"त्यानं वर्षाला किमान किती माल उचलायचा, हे कुठंच लिहिलेलं नाही. एक डबा घेतला नाही तरी करार मोडत नाही." तिने पाने उलटली. "इथं त्याला फ्रँचायझी द्यायची परवानगी आहे. पण तिथला दर्जा तुम्ही तपासायचा, पसंत नाही पडला तर नाव काढून घ्यायचं, अशी एक ओळ नाही. आणि पान तीस. भांडण झालं तर निवाडा तिथंच, तिथल्या कायद्यानं."

गुरुशांत मान खाली घालून ऐकत होता. अव्वांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केले. "आन ते? ते सरकारी न्हाय व्हय? रोज उदबत्ती लावतीय मी."

"खरंच आहे ते. पण नावाची नोंद त्या त्या देशापुरतीच असते, काकू. हा कागद भारतापुरता. समुद्रापलीकडं ती नुसती फोटोफ्रेम आहे. तिथं वेगळी नोंद करायला हवी होती. आणि त्याबद्दल करारात काय आहे ऐका. पान एकवीस. 'वितरकाने त्या देशात नाव व चित्र नोंदवून घ्यावे.'"

"कुनाच्या नावावर?"

"तेच लिहिलेलं नाही. म्हणून त्यानं स्वतःच्या नावावर करून घेतलं."

इतकी वर्षे मी समजत होते की घात शब्दांनी होतो. घात न लिहिलेल्या शब्दांनी होतो, हे मला त्या दुपारी कळले. एक ओळ, 'मालकी सोलापूरची', एवढी असती तरी पुष्कळ होते.

चेतनाने हार मानली नाही. तिथल्या एका ओळखीच्या वकिलाकडून तिने शिवराजच्या नोंदीच्या अर्जाची नक्कल मागवली. पाच वर्षांच्या आत असेल तर अशी नोंद रद्द करून मागता येते, पण अर्जात काही खोटे सांगितले होते असे दाखवावे लागते. नक्कल आली. अर्जात लिहिले होते, 'या मालाचा मूळ निर्माता मीच.' आणि पुरावा म्हणून जोडला होता एक फोटो. मुसळ उगारलेला शिवराज आणि खाली मी. 'अर्जदार आपल्या स्वतःच्या उखळावर.'

आमच्या रीतीचा फोटो! घरचा झाला म्हणून काढलेला. गुरुशांतने स्वतःच्या हाताने काढलेला.

गुरुशांत ओरडलाच, "मीच काढलाय हा! ह्यात अव्वा पन होत्या, त्यानं कापलंय त्यांना!"

"ते आपण म्हणतो," चेतना म्हणाली. "सिद्ध कसं करायचं? मूळ फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये आहे."

दुर्गा हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. ती फोटोकडे बघत होती आणि मान एका बाजूला कलत होती. "मुसळ बघा कसं धरलंय," ती म्हणाली. "हा मालक? आमच्या गावची पोरं बी..." आणि एकदम थांबली. "ताई, ते मोठं करा. उकळाच्या आत. हात हाय की तितं."

चेतनाने चित्र मोठे केले. शिवराजने अव्वांना कापले होते, पण मला कापून चालणार नव्हते. मी तर पुरावा होते. आणि माझ्या पोटात, टवक्याच्या बाजूने आत आलेला, मनगटापर्यंतचा एक हात राहून गेला होता. मनगटावर गोंदलेले पाच ठिपके आणि एक वाकडी वेल. अर्ध्या नखाचा अंगठा.

"ह्यो हात," दुर्गा म्हणाली, "मी वीस वर्षं बगतीय. डोळं झाकून सांगीन."

सुनावणी ऑनलाइन झाली. चेतनाच्या ऑफिसात जायचे ठरले होते, पण अव्वा म्हणाल्या, "मी हितनंच बोलनार." मग लॅपटॉप शेडमध्ये आणला, दुसऱ्या उखळावर फळी टाकून त्यावर ठेवला. पडद्यावर तिकडचे अधिकारी, एक दुभाषी, आणि एका चौकोनात शिवराज. पांढरा शर्ट. अव्वांना पाहून त्याने सवयीने हात जोडले. अव्वांनी जोडले नाहीत.

अधिकाऱ्यांनी त्याला विचारले की फोटोतला हात कुणाचा आहे. तो म्हणाला, "कामवालीचा. माज्याकडं होती एक."

कामवालीचा! मित्रांनो, आजवर मी बरीच मुसळे खाल्ली आहेत. एवढे कधी लागले नव्हते.

अव्वा खाली बसल्या, पदर खोचला आणि लॅपटॉपसमोर माझ्या पोटात उजवा हात घातला. टवक्याच्या बाजूने, नेहमीसारखा. दुर्गाने मुसळ उचलले. मुसळ वर, हात आत. मुसळ खाली, हात बाहेर. पाच घाव. पाचही वेळा पडद्यावर ते मनगट, ते ठिपके, ती वेल, तो अंगठा दिसला. मग अव्वांनी तिखटाने लाल झालेला हात तसाच कॅमेऱ्यापुढे धरला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मुसळ आमी येईल त्याच्या हातात देतो. आमची चूक झाली. पन आत हात ज्याचं उकळ त्योच घालतो. ह्याला विचारा, त्यानं एकदा तरी घातला होता काय."

दुभाष्याला ते सांगायला बराच वेळ लागला. "ऊट आयता" विचारणारा तो आवाज त्या दिवशी पुन्हा ऐकू आला नाही.

दीड महिन्याने निकाल आला. अर्जात खोटे सांगितले म्हणून शिवराजची नोंद रद्द. अव्वांचे नाव अव्वांना परत.

तुम्ही आता टाळ्या वाजवाल. थांबा. नाव परत आले, पण करार तसाच राहिला. त्याची आणखी अडीच वर्षे उरली आहेत आणि तोवर अव्वा त्या देशात आपल्या नावाने एक पाकीट विकू शकत नाहीत. शिवराजने पाट्या बदलल्या, दुसरे नाव लावले, दुकाने चालूच आहेत. माझा तो प्लास्टरचा पुतळा त्याने दारातून हलवलाही नाही. वकील लावून कळवले म्हणे, उखळ काय, कुणाचेही असते. तिकडे त्याचा निवाडा मागायचा तर पुन्हा पान तीस. दिवाळीच्या त्या दहा पेट्या तर कधीच नष्ट झाल्या, नकली म्हणून. ती चटणी मी कुटली होती. असली चटणी मी पुन्हा कुटेन की नाही, सांगता येत नाही. आणि ती वेळापूरची मुलगी अजून अव्वांच्या चटणीची वाट बघते आहे. म्हणून माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मित्रांनो, आता माझे ऐका. तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुणी चटणी विकेल, कुणी चादर, कुणी मोबाइलमधले काहीतरी. तुमच्यासमोरही बारीक अक्षरांचा कागद येईल आणि आणणारा माणूस गोड असेल. तेव्हा कागद वाचायला लाजू नका. वाचण्याने कुणाचा अपमान होत नाही. ज्याचा होतो त्याच्या मनात काहीतरी असते. आपल्या नावाची राखण जशी घरात करता तशी सीमेपलीकडेही आधी करून ठेवा. आणि जे लिहिलेले नाही ते शोधा.

गेल्या महिन्यात मॉरिशसहून एक बाई आल्या. त्यांचे पणजोबा कोकणातले, त्यांची मराठी जुन्या वळणाची. त्यांना तिकडे आमची चटणी न्यायची होती. या वेळी तिकडची नोंद चेतनाने आधीच अव्वांच्या नावावर करून ठेवली होती. दुर्गा सवयीने मुसळ त्या बाईंच्या हातात द्यायला गेली, तर अव्वांनी अडवले. "आधी वाचन."

माझ्याशेजारी पाट मांडले. चेतनाने बारा पानी करार मराठीत मोठ्याने वाचला. वर्षाला किती माल उचलायचा, दर्जा कुणी तपासायचा, भांडण झाले तर कुठे, आणि करार संपला की नावाचे काय. नाव कुणाचे, हे कलम अव्वांनी दोनदा वाचायला लावले. सगळ्या शेडने कान देऊन ऐकले. तोवर भाकरीसुद्धा वाढली नाही.

"आता पाच घाव घालू ना?" बाईंनी विचारले आणि मुसळाकडे हात केला.

"घाव दुर्गा घालंल," अव्वा म्हणाल्या. "तुमी खाली बसा. हात आत घाला."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, टवक्याकडे पाहिले, अव्वांच्या अर्ध्या नखाच्या अंगठ्याकडे पाहिले. मग बांगड्या वर सारून त्या खाली बसल्या आणि माझ्या पोटात हात घातला. दुर्गाने मुसळ उचलले. पाच घाव झाले आणि बाईंनी एकदाही हात वेळेआधी मागे घेतला नाही.

मग अव्वांनी पेन उघडले.